लाईनदोरीचं टोक

पावणं, उन्हात कशाला उभं ऱ्हाताय? ओट्यावर बसा. एसटी काय तुमच्यासाठी येत न्हाई, तिला यायचं तवा येती. न्हाईच आली तर माझा कपिल जीप घेऊन भीमाशंकरला निघंल आता, त्याच्यात बसा. तवर पाणी प्या. आन् दारावरच्या पाटीकडं असं डोळं बारीक करून बघू नका. बरोबर वाचलंत तुमी. 'ज्योत्स्ना कपिल रोकडे, लाईनमन.' बाई हाय ती, माझी सून. पाटी रंगवणारा म्हणला, 'लाईनवुमन लिहू का?' तर ही म्हणली, 'गाव मला ज्या नावानं हाक मारतं तेच लिहा भाऊ.' मी म्हणलं, लिव्हा बाबा काय लिव्हायचं ते, मला कोन इचारतंय!

लाईन! ह्या शब्दानं माझं डोकं पिकवलंय बघा. वीज आली की लाईन आली, गेली की लाईन गेली. नळाचा पाईप फुटला तरी लाईनच फुटली. भीमाशंकरला श्रावणी सोमवारी दर्शनाला माणसं उभी ऱ्हात्यात, ती पण लाईन. कांद्याची लागण करायला बसलं की पोरी म्हणत्यात, 'आत्या, तुमची लाईन वाकडी चाललीय.' कुणाचं पोरगं दारू सोडून कामाला लागलं की म्हणायचं लायनीवर आलं. आन् कुणाचं कार्टं थांब्यावर पोरींकडं बघून दात काढायला लागलं तर ते पण लाईनच मारतंय म्हणं. अहो, एकच शब्द, त्याला किती राबवायचं? घरातल्या थोरल्या सुनेवाणी गत केलीया त्याची.

आमच्या वक्ताला हा शब्द घरात फकस्त दोरीपुरता व्हता. माझा मालक, बाजीराव, गवंडी व्हता. डिंभ्याचं धरण झालं, गावं उठली, माणसांनी वर येऊन नवी घरं बांधली, त्यातली कितीतरी घरं ह्याच्या हातची. आन् ह्याच्या हाताखाली कोन? मी. भिंतीचा थर लावायचा तर ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत एक सूत ताणून धरायचं, त्याला गवंडी लाईनदोरी म्हणत्यात. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. माझं टोक ढिलं पडलं की थर गेला वाकडा, आन् मंग ह्याचं तोंड सुटायचं. कामावर धा माणसं ओरडत असायची, 'आण', 'थांब', 'सोड', कोन कुणाला म्हणतंय काय कळायचं न्हाई. म्हणून त्यानं मला सांगितलं व्हतं, 'द्रौपदे, कुणी बी ओरडू दे. मी सोता येऊन तुझ्या हातातनं दोरी घेईन, तवाच सोडायची.' एकदा मनगटाला गांधीलमाशी डसली. डोळ्यातनं पाणी आलं, पर दोरी सोडली न्हाई. थर संपला, तो आला, त्यानं दोरी घेतली, आन् मंग मी त्याला ज्या शिव्या घातल्या त्या साऱ्या वाडीनं ऐकल्या.

तो गेला, दोरी खुंटीला अडकून ऱ्हायली. कपिलचं लगीन झालं. ज्योत्स्ना येडगावची. बापाची धरणाच्या कडंला जरा जमीन, आन् पोरगी आयटीआयला वायरमन शिकलेली. मला वाटलं शिकली तर शिकली, घरातला बटण-बल्ब करंल. कसलं काय! वरीस झालं न्हाई तर वीज कंपनीत लागली. आन् काम काय, तर खांबावर चढायचं!

मी दोन दिस जेवले न्हाई. खोटं कशाला सांगू, रागानं न्हाई, भ्यानं. ह्या डोंगरात वाऱ्यापावसात तारा तुटायच्या, आन् तारेला चिकटलेली जनावरं मी बघितली हायेत. मी तिला म्हणलं, 'माझा मालक भिंतीवर चढायचा तवा खाली मी असायची. तू वर चढल्यावर तुझं टोक खाली कोन धरणार गं?'

पोरगी ताट उचलून आत गेली. मला वाटलं, रुसली. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणली, 'आई, तुमचं बरोबर हाय. मी वर असताना खाली कुणी तरी पायजेच.' आन् त्या दिसापास्नं तिनं तिचा नेम लावला. कुठं बी तार जोडायची असली की आधी गावाच्या डीपीवर, म्हंजे जिथनं साऱ्या गावाला वीज जाती त्या पेटीवर जायचं, चिनी मातीचे ते पांढरे फ्यूज उपसून काढायचे, आन् ज्याचं काम असंल त्याच्या घरातल्या एका माणसाच्या हातात द्यायचे. त्या माणसानं डीपीपाशीच बसायचं. काम झालं की ही सोता यायची, हात पुढं करायची, तवा त्यानं फ्यूज द्यायचे. तोंडी निरोप चालायचा न्हाई, फोन चालायचा न्हाई.

गाव हसलं, हसणारच. आमच्याकडं डीपी म्हंजे सगळ्यांच्या घरची मोरी. कुणाची बी मोटर बंद पडली की जो तो जाऊन फ्यूज काढतोय, घालतोय, फ्यूज न्हाई गावला तर नुसती तार अडकवतोय. सोमाजी चक्कीवाला तर म्हणायचा, 'राव, आमी मिसरूड फुटल्यापास्नं डीपीत हात घालतोय, आमाला आता काल आलेली पोरगी शिकवणार!' पर ज्योत्स्ना लई चिवट. भांडायची न्हाई, आवाज चढवायची न्हाई. फ्यूज धरायला माणूस बसल्याबिगर खांबाला पाय लावायची न्हाई, बस. मंग झक मारत बसायची माणसं.

आमच्या शाळेवर आरतीबाई हायेत. माझ्याकडं जवसाची चटणी न्यायला येत्यात. आता इकडं जवस कोन पेरतंय, मी मंचरच्या बाजारातनं आणते, भाजते, लसूण-मिरची घालून कुटते. एकदा मी कुटत बसले व्हते आन् तोंडानं त्या लाईन शब्दाला नावं ठेवत व्हते. तर बाई हसायला लागल्या. म्हणल्या, 'मावशी, तुमच्या उखळात काय हाय ठाऊक हाय का? तोच शब्द हाय.' मी म्हणलं, 'बाई, चटणीची चेष्टा करू नका.' तर त्यांनी नीट सांगितलं. आपल्या अंबाडीच्या काडीचा कसा वाख निघतो, तसं जवसाच्या काडीचं सूत निघतं. तिकडं पार लांबच्या मुलखात जुन्या काळी लोक त्याचं कापड विणायचे. त्यांच्या भाषेत जवसाला लिनम म्हणायचे, आन् त्या सुताला लाईनच्या जवळचं काही तरी. सूत ताणलं की सरळ हुतंय, म्हणून सरळ रेघेला बी तेच नाव पडलं. मंग रेघेवाणी जे जे दिसंल त्याला, तारंला, पाईपाला, माणसांच्या रांगेला, सगळ्याला तेच चिकटलं. 'कोणत्या लायनीत हाय' म्हणत्यात, तसं धंद्याला बी. फिरून फिरून सगळ्याच्या मुळाशी ताणलेलं सूत.

मी मुसळ ठेवलं आन् आत जाऊन खुंटीवरची बाजीरावची दोरी आणून त्यांच्या म्होरं टाकली. म्हणलं, 'म्हंजे तिकडच्या गवंड्याची बायको पण असंच टोक धरून उभी ऱ्हायली असणार की वो!' आरतीबाई म्हणल्या, 'असणारच.' मला लई गार वाटलं त्या दिवशी. येवढा मोठा इंग्रजी शब्द, आन् तो आमच्यातलाच निघाला.

आता तुमाला खरी गोष्ट सांगते. गेल्या लग्नसराईतली. आमच्या गावातल्या रामदासची पोरगी मंगल, तिची हळद व्हती. मांडव पडलेला, पावणं आलेलं, भोंगं बांधलेलं. आन् सकाळी सकाळी धरणाच्या अंगाला, टेकाडाच्या पल्याड, सागाची फांदी पडून तार तुटली. गावाची लाईन गेली. पाण्याच्या टाकीत थेंब न्हाई, कारण मोटर बंद. लग्नाचं दळण सोमाजीच्या चक्कीवर तसंच पोत्यात. रामदासची बायको झुंबरबाई डोक्याला हात लावून बसलेली.

ज्योत्स्नाला सुट्टी व्हती, हळदीला जायला नवं लुगडं काढून ठेवलंवतं. ते तसंच ठेवलं, कामाचे कपडे घातले, हेल्मेट घेतलं आन् निघाली. रामदास तिच्यासंगं जाणार, जागा दाखवायला. त्याच्या घरातली समदी मांडवात गुतलेली. मी रिकामी. डीपीपाशी आमी गेलो, तिनं फ्यूज उपसले आन् म्हणली, 'आई, पदर पुढं करा.' मी पदर केला. तीन फ्यूज टाकले तिनं, आन् माझ्याकडं बघून म्हणली, 'ठाऊक हाय ना?' मी म्हणलं, 'जा गं, मला नको शिकवू.' पदराची गाठ मारली आन् डीपीच्या पेटीला पाठ लावून बसले.

त्या दोघांची फटफटी टेकाडाच्या पल्याड गेली, मंग काय दिसंना. ऊन चढलं. आधी पोरं आली बघायला, मंग बाया हंडं घेऊन आल्या, मंग बाप्ये. एकेक जण इचारतोय, 'झालं का गं द्रौपदा?' मी म्हणतेय, 'आली की दिसंल.' सोमाजी तर येरझाऱ्या घालत व्हता. मांडवातनं सारखं कोन ना कोन येऊन त्याला दळणाचं इचारायचं, आन् तो माझ्याकडं बघून दात खायचा.

आन् तेवढ्यात सोमाजीचा फोन वाजला. त्यानं बघितलं आन् मोठ्यानं म्हणला, 'ज्योत्स्नाचा फोन!' कानाला लावला. 'हां, हां. बरं, बरं.' आन् मला म्हणला, 'झालं काम. फ्यूज टाकायला सांगितलंय. सोड गाठ.'

मी म्हणलं, 'तिचा आवाज व्हता?'

'रामदासचा व्हता. पर फोन तिचाच हाय की! हे बघ नाव.' फोन माझ्या डोळ्याम्होरं नाचवला त्यानं.

'मला वाचता येतं. ती कुठं हाय?'

'तिथंच असंल की त्याच्याजवळ! जोडली तार, त्यानं सोता बघितली. आगं बाई, हळद थांबलीय!'

मी म्हणलं, 'तिला दे फोनवर.' त्यानं परत लावला, तर लागंना. टेकाडापल्याड पाण्याच्या कडंला गेलं तरच लागतोय तिथं फोन, एरवी न्हाई. आता समदी माझ्याभवती जमली. कुणी म्हणतंय, 'लई झालं हिचं नाटक.' कुणी म्हणतंय, 'सून लाईनमन झाली तर सासू इंजिनेर झाली का?' झुंबरबाई आली, बिचारी रडकुंडीला आलेली. म्हणली, 'द्रौपदाबाई, माझ्या पोरीची हळद हाय वो.' ते मात्र मला लागलं. मंगलला मी अंगाखांद्यावर खेळवलीय. मी म्हणलं, 'झुंबर, तुझी मंगल हाय तशी माझी ज्योत्स्ना हाय. ती सोता आल्याबिगर मी उठायची न्हाई. हळद उनात वाळू दे.'

सोमाजी भडकला. म्हणला, 'नको तुझे फ्यूज. मी तार अडकवतो, कैकदा अडकवलीय.' आन् खरंच कुठनं तरी तारेचा तुकडा घेऊन आला की तो! मी उठलेच न्हाई. पेटीच्या दाराला पाठ घट्ट लावली, पाय पसरले, आन् म्हणलं, 'सोमाजी, लहानपणी तुला ओढ्यातनं वर काढलेली मी हाय. हात लावून बघ माझ्या अंगाला.' तो थांबला. शिव्या देत थांबला, पर थांबला.

आतनं मी काय व्हते, ते तुमाला सांगते. छाती अशी उडत व्हती की पदरातले फ्यूज एकमेकावर वाजत व्हते. मनात येत व्हतं, खरंच काम झालं असंल तर? साऱ्या गावाला मी येड्यात काढतेय का? उद्यापास्नं ह्या पोरीच्या कामाला माझ्यामुळं लोक हसतील. आन् दुसऱ्या बाजूनं वाटायचं, झालं नसंल तर? बाजीरावची लई आठवण आली. तो असता तर म्हणला असता, तू बस गं.

मंग फटफटीचा आवाज आला.

ज्योत्स्ना म्होरं, रामदास मागं. हेल्मेट काढलं तिनं, केस घामानं कपाळाला चिकटलेले, कोपर खरचटलेलं. गर्दीतनं वाट काढत आली आन् माझ्याम्होरं हात पुढं केला. 'आई, द्या.'

मी म्हणलं, 'खांबावरनं कधी उतरलीस?'

'आत्ताच की. तार जोडून झाली तवा उतरले व्हते, पर बघितलं तर पुढच्या खांबावर तार जिच्यावर टेकती, त्या चिनी मातीच्या चिमणीचा तुकडा उडालाय. तसंच सोडलं असतं तर हळदीतच परत गेली असती लाईन. म्हणून पुन्हा चढले. तिथंच येळ गेला.' मंग माणसांच्या तोंडाकडं बघून म्हणली, 'काय झालं? समदी गप का?'

तारेचा तुकडा सोमाजीच्या हातात तसाच व्हता, तो त्यानं हळूच मागं लपवला. रामदासला मात्र उमगलं. त्याच्या फोनची बॅटरी सकाळीच उतरलीवती, म्हणून घरी सांगायला त्यानं ज्योत्स्नाचा फोन मागून घेतलेला. पाण्याच्या कडंला चालत गेला, मागं वळून बघितलं तर तुटलेली तार जोडलेली दिसली. ही परत चढली ते त्याच्या पाठीमागं. त्यानं आपलं मोकळ्या मनानं सांगून टाकलं, झालं, टाका फ्यूज. तो तिथंच मातीत मटकन् बसला आन् दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हणला, 'मी सांगितलं गं पोरी. माझ्या तोंडानं सांगितलं मी. माझ्या पोरीच्या हळदीला मी...'

ज्योत्स्नानं माझ्याकडं बघून परत हात पुढं केला. मी गाठ सोडायला गेले तर बोटं हालंनात. इतकी आवळून धरलीवती की हाताला मुंग्या आल्यावत्या. मंग तीच खाली बसली आन् माझं एकेक बोट उचलून तिनं गाठ सोडवली. मी तिला म्हणलं, 'बघतीस काय, टाक की लवकर, मंगल खोळंबलीय.' आन् असं म्हणता म्हणता मला रडू फुटलं. चारचौघात, सोमाजीच्या देखत. फुटलं तर फुटलं.

तिनं फ्यूज घातले. मांडवातलं भोंगं जिथं बंद पडलंवतं तिथनंच एकदम ओरडायला लागलं, सगळी दचकली आन् हसायला लागली. चक्की घरघरली, टाकीची मोटर चालू झाली, बायांनी हंडं उचललं. हळदीला आमी दोघी गेलो. झुंबरबाईनं मंगलला हळद लावली, आन् मंगलनं आपल्या गालाची हळद काढून ज्योत्स्नाच्या खरचटलेल्या कोपराला लावली. रामदास जेवणाच्या पंगतीत नुसता वाढत व्हता, आमच्या पानात परत परत. सोमाजी लांबनं लांबनं हिंडत व्हता. दुसऱ्या दिवशी दाराशी येऊन उभा ऱ्हायला. म्हणला, 'द्रौपदाक्का, परत कवा लाईन गेली तर फ्यूज धरायला मला बसव.' मी म्हणलं, 'तुला? बघू. आधी दळणाचं पीठ बारीक दे.'

आता नेम मोडायची कुणाची टाप न्हाई. आमच्याच न्हाई, पल्याडच्या वाडीत बी लोक फ्यूज पदरात, टोपीत, जे असंल त्यात घेऊन बसत्यात.

त्या दिवशी हळदीवरनं आल्यावर ज्योत्स्ना म्हणली, 'आई, तिथं रामदासकाकांनी वाढलं लई, पर धड घास उतरला न्हाई. भाकरी हाय का?' मी चुलीम्होरं बसले, भाकऱ्या थापल्या, वर जवसाची चटणी, तेल. पोरगी खाता खाता इचारती, 'आई, सोमाजीकाकांनी खरंच तुमाला ओढून बाजूला केलं असतं तर वो?'

मी म्हणलं, 'ओढलं असतं तर ओढत गेले असते, पर पेटीचं दार माझ्या हातात घेऊन. दुसऱ्या टोकाला तू व्हतीस.'

तिनं अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटलीत टाकली आन् चटणी पुढं सारली. मी सकाळपास्नं पहिल्यांदा नीट जेवले.